सर्वांना एकच पेपर

२७ एप्रिल २०२५ रोजी सकाळच्या सत्रात एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देणाऱ्या मुलांना गणिताच्या पेपरात एक विचित्र अनुभव आला. गणित सोडवून उत्तर काढावे, तर ते चारही पर्यायांत नसायचे. ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते. अखेर ५ मे रोजी त्या सत्रातल्या सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांची परीक्षा नव्याने घ्यावी लागली. चर्चा झाली ती निष्काळजीपणाची, आणि ती रास्तच होती. पण या घटनेची दुसरी बाजू फारशी कुणी पाहिली नाही. दहावीच्या पेपरात प्रश्न चुकला, तर तो साऱ्या राज्यात चुकतो आणि त्याचे गुण साऱ्या राज्याला मिळतात. इथे मात्र त्याच परीक्षेच्या इतर सत्रांना बसलेल्या लाखो मुलांना या चुकीचा स्पर्शही झाला नाही, कारण त्यांचे पेपर मुळातच वेगळे होते. ज्यांची परीक्षा पुन्हा झाली त्यांना तर आणखी एक नवा पेपर आणि अभ्यासाला आणखी आठवडाभर मिळाला. तरीही शेवटी या सगळ्यांना एकाच गुणवत्ता यादीत बसवायचे होते.

ते कसे बसवतात, कशाच्या आधारावर, आणि ते न्याय्य आहे हे कोण ठरवते, हा या पुस्तकाचा विषय आहे. ऑनलाइन परीक्षा म्हणजे पेनाऐवजी माउस आणि कागदाऐवजी पडदा, अशी आपली समजूत असते. तेवढाच बदल असता तर त्यावर पुस्तक लिहिण्याची गरज नव्हती. खरा बदल खोल आहे. दीडशेहून अधिक वर्षे आपल्याकडे परीक्षेच्या न्यायाचा एकच अर्थ होता: सर्वांना एकच पेपर, एकाच वेळी. ऑनलाइन तंत्राने हा अर्थ मोडला आहे. आता पेपर वेगवेगळे असतात आणि ते सारखे असल्याची हमी एक सूत्र देते. डोळ्यांना दिसणाऱ्या समानतेची जागा गणिताने सिद्ध करायच्या समानतेने घेतली आहे. मात्र ते गणित परीक्षा देणाऱ्यांना, त्यांच्या पालकांना आणि पुष्कळदा शिक्षकांनाही कुणी समजावून सांगितलेले नाही.

कागदाने घडवलेला विश्वास

हजारो अनोळखी माणसांना एका मापाने मोजायचे, ही कल्पना संगणकापेक्षा फार जुनी आहे. चीनमधल्या साम्राज्याच्या नोकरभरती परीक्षांत सोंग राजवटीच्या काळी उमेदवाराचे नाव झाकले जाई. त्याची उत्तरे लेखनिक पुन्हा उतरवून काढत, म्हणजे परीक्षकाला हस्ताक्षरही ओळखता येऊ नये. ही व्यवस्था १९०५ मध्ये बंद झाली, पण तोवर तिची कल्पना जगभर पोचली होती. ब्रिटनमध्ये १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेल्यन अहवालाने सरकारी नोकऱ्यांसाठी खुल्या स्पर्धा परीक्षेचा आग्रह धरला आणि १८५५ पासून हिंदुस्थानातल्या सनदी सेवेची भरती त्या मार्गाने होऊ लागली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी. विद्यापीठ आधी परीक्षा घेणारी संस्था म्हणून उभे राहिले आणि स्वतः शिकवू लागले ते त्यामानाने मागून, हे आपल्याकडच्या उच्च शिक्षणाचे वैशिष्ट्य त्या काळातले आहे आणि त्याचे ओझे अजून उतरलेले नाही.

१९६६ मध्ये महाराष्ट्राचे राज्य मंडळ सुरू झाले. आज दहावीला दरवर्षी १५-१६ लाख मुले बसतात. त्यांचा पेपर सुखरूप पोचावा म्हणून मोहोरबंद पाकिटे, पोलीस ठाण्यातली कस्टडी, पाकिटे नेणारे रनर, भरारी पथके, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, नियामक अशी एक अजस्र यंत्रणा दर फेब्रुवारी-मार्चमध्ये हलते. ही यंत्रणा निर्दोष कधीच नव्हती. पेपर फुटत, कॉपी चाले, दोन परीक्षक एकाच उत्तराला वेगळे गुण देत. तरी तिचा एक मोठा गुण होता: ती सामान्य माणसाला कळत असे. पाकीट फोडलेले दिसायचे, पर्यवेक्षकाची सही दिसायची, पेपर संपल्यावर शाळेच्या फाटकाशी सगळी मुले एकाच प्रश्नावर वाद घालायची. विश्वास उभा होता तो या दिसण्यावर.

यंत्राने परीक्षेत पाऊल ठेवले तेही संगणकाच्या आधी. अमेरिकेत १९१४ मध्ये फ्रेडरिक केली यांनी बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी तयार केली. १९३८ मध्ये आयबीएमने ८०५ हे यंत्र बाजारात आणले. पेन्सिलीच्या खुणेतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, या साध्या गुणधर्मावर ते उत्तरे तपासत असे. पुढे आयोवा विद्यापीठात ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी प्रकाशाने खुणा वाचणारे यंत्र घडवले. आपल्या ओएमआर शीटची कुळी इथली. शिष्यवृत्ती परीक्षा देताना गोल काळे करणारे मूल नकळत याच परंपरेत बसलेले असते. या टप्प्यावर एक सवय जडली आणि ती ऑनलाइन युगातही सुटलेली नाही. यंत्राला जे तपासता येते तेच विचारायचे, ही ती सवय.

पेपरकडून प्रश्नाकडे

संगणक आला म्हणून पेपर वेगवेगळे करता आले, हे अर्धेच खरे आहे. त्यासाठी आधी सिद्धांत लागला. डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग राश यांनी १९६० मध्ये आणि अमेरिकेत फ्रेडरिक लॉर्ड व ॲलन बर्नबाम यांनी त्याच दशकात परीक्षेकडे पाहण्याची रीत बदलली. जुन्या विचारात एकक होते पूर्ण पेपर. नव्या विचारात एकक झाला एकेक प्रश्न. प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आणि हुशार-कच्च्या विद्यार्थ्यांत भेद करण्याची त्याची ताकद आधी पुष्कळ मुलांवर अजमावून काढायची. मग दोन मुलांनी वेगवेगळे प्रश्न सोडवले, तरी त्यांची क्षमता एकाच मोजपट्टीवर मांडता येते. उंच उडीत एकाने सव्वा मीटरची आणि दुसऱ्याने दीड मीटरची दांडी पार केली, तर दोघांना एकच दांडी ओलांडायला लावण्याची गरज नसते. दांडीची उंची नेमकी माहीत असली की पुरे.

या सिद्धांतातून जुळवून घेणारी चाचणी जन्मली. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड, चुकले की सोपा. फ्रान्समध्ये आल्फ्रे बिने १९०५ मध्ये एकेका मुलासमोर बसून हेच करत होते. संगणकाने ते लाखोंसाठी शक्य केले. अमेरिकेतली पदव्युत्तर प्रवेशाची जीआरई १९९३ मध्ये या पद्धतीने होऊ लागली. वर्षभरातच तिची कमजोरी उघडी पडली. कॅप्लन या शिकवणी कंपनीने आपली माणसे परीक्षेला बसवली, त्यांनी प्रश्न लक्षात ठेवून बाहेर आणले आणि प्रश्नपेढी किती लहान आहे हे दाखवून दिले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला काही काळ संगणकीय परीक्षा कमी कराव्या लागल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. प्रश्न पुन्हा वापरायचे असतील तर ते गुप्त राहिले पाहिजेत आणि गुप्त राहायचे तर ते प्रचंड संख्येने असले पाहिजेत, हा धडा त्यातून मिळाला. पुढे मधला मार्ग निघाला. एकेक प्रश्न न बदलता पूर्ण विभाग बदलायचा. मार्च २०२४ पासून अमेरिकेत पूर्णपणे संगणकावर होणारी सॅट अशीच दोन टप्प्यांची आहे. पहिल्या विभागातल्या कामगिरीवर दुसरा सोपा मिळणार की अवघड, हे ठरते आणि तीन तासांची परीक्षा सव्वादोन तासांत आटोपते.

आपला रस्ता: खुर्च्यांच्या टंचाईतून

भारतात मात्र पेपर वेगवेगळे झाले ते या सिद्धांताच्या ओढीने नव्हे, खुर्च्यांच्या टंचाईने. कागदाच्या परीक्षेला कोणत्याही शाळेतला बाक चालतो. संगणकाच्या परीक्षेला एका विद्यार्थ्यामागे एक चालू संगणक, अखंड वीज आणि सुरक्षित जाळे लागते. लाखो संगणक एका वेळी मिळत नाहीत, म्हणून परीक्षा अनेक दिवसांत आणि सत्रांत विभागावी लागते. तोच पेपर दुसऱ्या सत्राला दिला तर फुटणार, म्हणून प्रत्येक सत्राला नवा पेपर. नवा पेपर म्हणजे कमी-जास्त अवघड पेपर, म्हणून गुणांची जुळवाजुळव. आपल्या ऑनलाइन परीक्षांची सगळी गुंतागुंत या एका साखळीत आहे आणि ती ध्यानात आली की बहुतेक वादांचे मूळ सापडते.

या साखळीचा पहिला मोठा प्रयोग म्हणजे २००९ ची कॅट. आयआयएम संस्थांची ही प्रवेश परीक्षा त्या वर्षी प्रथमच संगणकावर, दहा दिवसांत घेतली गेली. अनेक केंद्रांवर यंत्रे बंद पडली, दोष संगणकी विषाणूंना दिला गेला आणि पुष्कळांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. पण दिशा ठरली होती. २०१४ पर्यंत गेट पूर्णपणे संगणकावर आली, २०१८ मध्ये जेईई ॲडव्हान्स्ड. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय परीक्षा संस्थेला, म्हणजे एनटीएला, मंजुरी दिली आणि जानेवारी २०१९ पासून जेईई मेन तिच्याकडून वर्षातून दोनदा संगणकावर होऊ लागली. महाराष्ट्राची सीईटी २०१९ मध्ये त्याच वाटेने गेली.

जुळवाजुळवीसाठी निवडलेले सूत्र दिसायला सोपे आहे. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण किती टक्के मुलांना मिळाले, तो तुमचा पर्सेंटाइल. जेईई मेनमध्ये तो दशांशचिन्हानंतर सात अंकांपर्यंत देतात. म्हणजे ९० पर्सेंटाइल हे ९० टक्के गुण नव्हेत. अवघड पेपरात अर्ध्याहून कमी गुणांतही तो मिळू शकतो. प्रत्येक सत्रातल्या पहिल्याला शंभर मिळतात, म्हणून २०२४ च्या जेईई मेनमध्ये शंभर पर्सेंटाइलचे मानकरी ५६ होते.

सूत्र सोपे, पण ते एका गृहीतावर उभे आहे: सर्व सत्रांतली मुले सरासरीने सारख्या तयारीची आहेत. एका सत्रात लाखभर मुले चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली गेली असतील, तर हे गृहीत बरेचसे टिकते. सत्र लहान असेल, एखाद्याच भागातली मुले त्यात एकवटली असतील किंवा पुनर्परीक्षेसारखे काही विशेष घडले असेल, तर ते डळमळते. अशा वेळी हुशार मुलांच्या सत्रात बसलेल्याचे नुकसान होते आणि ते त्याला कधी कळतही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराजला उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाच्या दारात हजारो उमेदवार बसले ते अनेक दिवसांची परीक्षा आणि नॉर्मलायझेशन, म्हणजे गुणांची ही जुळवाजुळव, नको म्हणून. आयोगाला पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घेण्याचे मान्य करावे लागले. त्या आंदोलकांना संख्याशास्त्र कळत नव्हते असे म्हणून हसणे सोपे आहे. पण दिसणाऱ्या समानतेच्या बदल्यात त्यांना जे दिले जात होते, ते समजावून सांगण्याची जबाबदारी कुणाची होती?

हा प्रवास एका दिशेने सरळ झाला, असेही नाही. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी २०२२ मध्ये पूर्णपणे संगणकावर सुरू झाली, पहिल्याच वर्षी तांत्रिक बिघाडांमुळे अनेक परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. २०२४ मध्ये गर्दीचे विषय कागदावर परतले, २०२५ मध्ये पुन्हा सगळे संगणकावर आले. वैद्यकीय प्रवेशाची नीट तर २०२५ मध्येही ओएमआर शीटवरच झाली. २०२४ च्या नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली, पेपर फुटल्याचे पाटणा आणि हजारीबागपर्यंत धागे निघाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीने ऑनलाइनकडे, शक्य तिथे अनेक टप्प्यांच्या परीक्षेकडे जाण्याची शिफारस केली. जिथे ते जमणार नाही तिथे प्रश्नपत्रिका संगणकाच्या मार्गाने केंद्रावर पोचवून उत्तरे कागदावर घ्यावीत, असे सुचवले.

पडदा म्हणजे सुरक्षितता, हेही तितकेसे खरे नाही. २०२१ च्या जेईई मेनमध्ये केंद्रातल्या संगणकांचा ताबा दुरून घेऊन प्रश्न सोडवून दिल्याचा गुन्हा सीबीआयने नोंदवला आणि पुढच्या वर्षी त्या प्रकरणात एका रशियन नागरिकाला अटक झाली. उलट कागदाची हमी तरी कुठे होती? महाराष्ट्रातल्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात ७ हजार ८०० हून अधिक उमेदवार अपात्र ठरले. ती परीक्षा ओएमआरवरचीच होती. तंत्र बदलले की चोरीची जागा बदलते. पाकिटापासून सर्व्हरपर्यंतच्या साखळीत आता कंत्राटदार, सॉफ्टवेअर पुरवणारे आणि खासगी केंद्रांचे चालक यांची भर पडली आहे.

गुप्तता की उघडपणा

या क्षेत्रातला सर्वांत अवघड पेच मात्र चोरीचा नाही, आणि त्याची चर्चा मराठीत जवळजवळ झालेलीच नाही. आपल्याकडे परीक्षा झाली की प्रश्न उघड होतात, आन्सर की प्रसिद्ध होते, पैसे भरून आक्षेप घेता येतो. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकारात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. हा उघडपणा झगडून मिळवलेला आहे आणि सीईटीतल्यासारख्या चुका त्यामुळेच चव्हाट्यावर येतात.

पण वेगवेगळे पेपर शास्त्रशुद्धपणे एका पातळीवर आणायचे, तर त्यांत काही समान प्रश्न असावे लागतात. त्या समान प्रश्नांवरच्या कामगिरीवरून कळते की मुले जास्त हुशार होती की पेपर सोपा होता. ते प्रश्न आधी अजमावलेले आणि गुप्त असावे लागतात. प्रत्येक प्रश्न परीक्षेनंतर जाहीर होणार असेल, तर तो पुन्हा वापरता येत नाही, समान प्रश्न ठेवता येत नाहीत आणि मग हाती उरतो तो पर्सेंटाइलचा गृहीताधारित उपाय. थोडक्यात, आपल्याला प्रश्न पाहण्याचा हक्कही हवा आहे आणि वेगवेगळ्या पेपरांतला अचूक न्यायही. दोन्ही पूर्णपणे एकत्र मिळत नाहीत. काय किती सोडायचे, हा तंत्रज्ञांचा प्रश्न राहत नाही. तो लोकशाहीतला प्रश्न होतो.

लिहिलेल्या उत्तरांचे काय?

ऑनलाइन परीक्षा म्हणजे पर्यायांवर टिचकी, हे समीकरणही तपासायला हवे. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये हाताने लिहिलेल्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचे घाईने ठरवले. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी जाणाऱ्या आणि पुढच्या प्रवेशांच्या मुलांचे हाल झाले आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्यातून पडद्यावरची तपासणीच वाईट, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. पण चीनमध्ये सव्वा कोटीहून अधिक मुले गाओकाओ ही परीक्षा कागदावर लिहितात आणि त्यांच्या उत्तरपत्रिका अनेक वर्षे पडद्यावरच तपासल्या जातात. फरक पडला तो पूर्वतयारी, प्रशिक्षण आणि क्रमाक्रमाने केलेल्या अंमलबजावणीमुळे.

फिनलंडचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथली शालान्त परीक्षा २०१६ ते २०१९ या काळात विषयवार संगणकावर नेली गेली, गणित सर्वांत शेवटी. मुले स्वतःचे लॅपटॉप आणतात, ते यूएसबी स्टिकवरच्या परीक्षा प्रणालीने सुरू होतात, शाळेतल्या स्थानिक सर्व्हरला जोडले जातात आणि बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. त्यांवर निबंध, विश्लेषण, नकाशे, ध्वनिफिती यांच्या आधारे लांब उत्तरे लिहिली जातात आणि ती माणसे तपासतात. अर्थात फिनलंडची मुले हजारोंत मोजायची, आपली लाखांत. पण तंत्राने बहुपर्यायी प्रश्नच लादले पाहिजेत असा नियम नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

यंत्राने निबंध तपासण्याचा प्रयोगही नवा नाही. एलिस पेज यांनी तो १९६६ मध्ये सुरू केला आणि १९९९ पासून जीमॅटच्या निबंधांना एक गुण माणूस आणि एक संगणक देऊ लागला. एमआयटीत लेखन शिकवलेले लेस पेरेलमन यांनी पुढे निरर्थक पण भारदस्त निबंध तयार करणारा प्रोग्राम करून दाखवला, आणि अशा यंत्रांकडून त्यांना उत्तम गुण मिळाले. मराठीपुरता प्रश्न आणखी आधीचा आहे. देवनागरीत भराभर टंकलेखन करण्याचे शिक्षण आपण शाळेत देत नाही. तेव्हा संगणकावर लांब उत्तर मागणे म्हणजे बोटांची परीक्षा घेणे होईल, आणि ते टाळण्यासाठी पर्यायांकडे वळणे म्हणजे भाषाच परीक्षेतून हद्दपार करणे. दरम्यान महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचे ठरवले. पुण्यातल्या आंदोलनानंतर त्याची अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. एकीकडे प्रवेश परीक्षा टिचकीकडे जात असताना दुसरीकडे नोकरीची परीक्षा लेखणीकडे वळते आहे, ही विसंगती या पुस्तकात वारंवार भेटेल.

चार दृष्टी

या विषयावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांचे ढोबळमानाने चार प्रवाह आहेत. पहिला प्रशासकांचा. त्यांच्या लेखी ऑनलाइन तंत्र म्हणजे कुलूप: पेपर फुटू नये, निकाल लवकर लागावा, खर्च आटोक्यात राहावा. दुसरा मापनशास्त्रज्ञांचा. त्यांना मोजमाप नेमके हवे असते आणि पीसासारखी आंतरराष्ट्रीय शालेय सर्वेक्षणे हा त्यांचा आदर्श. तिथे कोणतेही मूल सगळे प्रश्न सोडवत नाही, प्रत्येकाकडे वेगळा संच असतो, तरी देशाची पातळी काढता येते. २०१५ पासून बहुतेक देशांत पीसा संगणकावर होते. मात्र तिथे कुणाचाही प्रवेश टांगलेला नसतो, म्हणून वेगळ्या संचाबद्दल कुणी तक्रार करत नाही. सर्वेक्षणाचे तंत्र जसेच्या तसे प्रवेश परीक्षेत आणताना हा फरक विसरला जातो.

तिसरा प्रवाह शिक्षकांचा आणि शिक्षणतज्ज्ञांचा. परीक्षा जे विचारते तेच वर्गात शिकवले जाते, हे त्यांना अनुभवाने माहीत असते. तंत्र नवे आणि प्रश्न जुनेच राहणार असतील तर त्यांना त्याचे अप्रूप नाही. चौथा प्रवाह संधीच्या समतेचा. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्क्यांकडे आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्क्यांकडे संगणक होता. ज्याने सराव परीक्षा पन्नास वेळा पडद्यावर दिली आणि ज्याने परीक्षेच्याच दिवशी प्रथम माउस धरला, त्यांचा पेपर एकच असला तरी परीक्षा एक नसते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात तीच चाचणी कागदावर आणि पडद्यावर दिलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा पडद्यावरच्या मुलांचे गुण कमी भरले आणि दुसऱ्या वर्षी ती दरी घटली. सवयीने फरक भरून निघतो, हा त्यातला दिलासा. पण ज्या तुकडीवर पहिला प्रयोग होतो तिचे नुकसान कुणी भरून देत नाही.

हे चार प्रवाह एकमेकांशी क्वचितच बोलतात. समितीच्या अहवालात पहिला, संशोधनपत्रिकेत दुसरा, शिक्षक संघटनेच्या ठरावात तिसरा आणि न्यायालयातल्या याचिकेत चौथा, अशी त्यांची घरे वेगळी आहेत.

आताच का?

करोनाच्या दोन वर्षांनी परीक्षेवरचा विश्वास किती नाजूक आहे ते दाखवले. ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडने न झालेल्या परीक्षांचे गुण सूत्राने ठरवले, शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ४० टक्के खाली आल्या आणि चार दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. आपल्याकडे पदवीच्या अंतिम वर्षाची परीक्षा न घेता पुढे जाता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात सांगितले आणि राज्यातल्या विद्यापीठांनी घाईघाईने घरून देण्याच्या बहुपर्यायी परीक्षा उभ्या केल्या. २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला आणि अकरावी प्रवेशासाठी ठरवलेली सीईटी उच्च न्यायालयाने रद्द केली. घरच्या परीक्षेवर कॅमेऱ्याने पहारा ठेवण्याचा प्रश्नही तेव्हा ऐरणीवर आला. अमेरिकेत ओहायोच्या संघराज्य न्यायालयाने २०२२ मध्ये विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्यातून तपासणे घटनाबाह्य ठरवले. आपल्या विद्यार्थ्यांची खोली अनेकदा सगळ्या कुटुंबाची एकुलती खोली असते. त्यांच्या खासगीपणाचा विचार आपण अजून नीट सुरूही केलेला नाही.

त्यात आता उत्तर लिहून देणारी आणि प्रश्नही बनवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. कॅलिफोर्नियातली वकिलीची परीक्षा फेब्रुवारी २०२५ मध्ये तांत्रिक गोंधळात सापडली आणि मागाहून कळले की तिच्यातले काही प्रश्न या तंत्राच्या मदतीने तयार झाले होते. प्रश्नपेढी मोठी करण्याचा हा स्वस्त मार्ग आपल्याकडेही आकर्षक वाटणार. प्रश्न कोणी लिहिला, कोणी तपासला आणि तो कोणावर अजमावला, ही विचारपूस त्यामुळे आणखी निकडीची होते.

या पुस्तकाविषयी

या लेखसंग्रहाचा हेतू मर्यादित आहे. ऑनलाइन परीक्षा चांगली की वाईट, असा कौल तो देत नाही. प्रवेशाच्या आणि शालेय मूल्यमापनाच्या मोठ्या परीक्षांपुरता तो बोलतो. नोकरभरतीच्या परीक्षांचा उल्लेख गरजेपुरताच येतो. वेगवेगळ्या प्रवाहांतल्या माणसांना एका मुखपृष्ठाआड आणणे, हे त्याचे पहिले काम. म्हणून इथे गुणांच्या जुळवणीचे गणित शाळेतल्या अंकगणितापुढे न जाता समजावलेले आढळेल, आणि त्याच्या शेजारी केंद्रावर काम करणाऱ्यांची व वर्गात शिकवणाऱ्यांची बाजूही आढळेल. लेखकांचे आपसांत मतभेद आहेत. संपादनात ते पुसून टाकलेले नाहीत. नीट एकाच दिवशी कागदावर व्हावी असे मानणारा लेख आणि ती टप्प्याटप्प्याने संगणकावर न्यावी असे मांडणारा लेख, दोन्ही इथे आहेत. पारिभाषिक शब्दांत मुलांच्या आणि पालकांच्या तोंडी असलेले शब्दच शक्यतो ठेवले आहेत. पर्सेंटाइलला आडवळणी प्रतिशब्द शोधण्यापेक्षा त्याचा अर्थ नीट सांगणे आम्हाला महत्त्वाचे वाटले.

वाचकाकडून अपेक्षा एकच आहे. सर्वांना एकच पेपर हा न्याय आता परत येण्याची शक्यता मोठ्या परीक्षांत कमी आहे, आणि तो आला तरी त्याने सगळे प्रश्न सुटत नव्हते. पण त्याची जागा घेणाऱ्या न्यायाला जाब विचारता आला पाहिजे. पुढच्या निकालाच्या दिवशी आपल्या मुलाचा पर्सेंटाइल पाहून झाला, की परीक्षा घेणाऱ्यांना काही साधे प्रश्न विचारता येतील. प्रत्येक सत्रात किती मुले होती आणि ती कशी वाटली होती? सत्रांच्या गुणांची सरासरी आणि पसारा किती वेगळा होता? चुकलेल्या प्रश्नांचे गुण कोणत्या नियमाने दिले आणि तो नियम परीक्षेआधी ठरला होता का? निकालाच्या गणिताची तपासणी संस्थेबाहेरच्या कुणा संख्याशास्त्रज्ञाने केली का? यांची उत्तरे देण्यासाठी एकही प्रश्न उघड करावा लागत नाही आणि कोणतेही गुपित फुटत नाही. ती निकालासोबतच संकेतस्थळावर टाकणे परीक्षा संस्थांना सहज शक्य आहे. वाचकांनी ती मागायला सुरुवात केली, तर या पुस्तकाचे काम झाले.